तिथीची पाऊणपट

खेऊरबाई,
मी केसपेपरवर लिहिलं होतं:
जखम कोरडी ठेवावी. दिवसाआड ड्रेसिंग.
उद्या दुपारी बाराला डिस्चार्ज.
खाली सही, शिक्का.
मला वाटलं, झालं.

तुम्ही कागद उलटा केलात
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर
पेन्सिलीनं एक खाडी काढलीत.
अलीकडे आपलं सिव्हिल,
पलीकडे जुलेखाबी सोलकरचं घर,
मधे तरीची होडी.
"पूल आहे, सर. पण वळसा अठरा किलोमीटरचा,
आणि रिक्षावाला पाचशे मागतो.
उद्या अष्टमी. बाराला पाणी पार उतरलेलं,
होडी धक्क्याला लागायची नाही.
गुडघाभर चिखलातून चालत जाईल ती,
तुमचं ड्रेसिंग पायात घेऊन."

मी जालन्याचा.
आमच्याकडे पाणी टँकरनं येतं
आणि गेलं की सहा तासांनी परत येत नाही.

"तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ.
आठ पाउणे सहा."
मी वहीत पावणेसहा लिहिलं.
तुम्ही हसलात, मग खोडून दिलंत: सहा.

पण नऊ नंबरची खाट मला दुपारीच हवी होती,
फुरसं चावलेला पोरगा खाली सतरंजीवर होता.
आपण भांडलो.
औषधाच्या खिडकीसमोर, रांगेदेखत.
शेवटी खाट मला मिळाली
आणि जुलेखाबीला तुमची खोली;
पाय तुमच्या खुर्चीवर,
तुम्ही उभ्यानं फोन लावताय
तरीवाल्याला, आशाताईंना, तिच्या नणंदेला.

तीच मला म्हणाली होती राउंडला,
"पाय सुका ठेवून चूल कशी पेटेल, डाक्टर?
कालवं काय चालत घरी येतात?"
मी पुढच्या खाटेकडे गेलो होतो.
तुम्ही तिथंच थांबलात.
नणंद खडपावरून आणेल, ही घरी बसून फोडेल,
निम्मा वाटा.
दीड महिना.
मी तेही लिहिलं, गोळ्यांच्या खाली:
कालवं फक्त फोडणे.
असं औषध मी आजवर लिहिलं नव्हतं.

आणि इन्सुलिन. घरात फ्रिज नाही,
म्हणून शेजारच्या बांगड्याच्या पेटीत
तुम्ही बर्फात जागा ठरवून टाकलेली.
तेव्हा मात्र मी धावत जिना उतरलो.
गोठलेलं इन्सुलिन म्हणजे नुसतं पाणी, बाई.
मडकं, ओली वाळू, सावली.
तुम्ही निमूट पुन्हा फोन लावलात.
बरं झालं विचारलं,
हे दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

गेल्या वर्षी तुमची जागा रिकामी होती.
तेव्हाचा मुरारी भाटकर, ट्रॉलरवरचा खलाशी,
तीनदा परत आला.
तिसऱ्यांदा मी त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.
तिन्ही कागद मी काढून पाहिले.
तिन्हींवर सगळं बरोबर आहे,
सहीसुद्धा.

जुलेखाबीचं काय होईल, मला माहीत नाही.
करंगळी काळी पडतेय, हे तुम्हाला सांगितलंय;
नणंदेचं आणि तिचं पटत नाही, हे तुम्ही मला.
आता तारखेशेजारी मी तिथी मागतो.
सिस्टर बिडये कपाळाला हात लावतात.

त्या संध्याकाळी मी नऊ नंबरशी उभा होतो.
काचेच्या नळीत पोराचं रक्त,
साकळतंय का बघायला वीस मिनिटं,
नळी हलवायची नाही.
सोळाव्या मिनिटाला तुम्ही दारात आलात,
फोन अजून कानाशी.
"तर लागली," म्हणालात.
"पाय कोरडा आहे."

आणि गेला नाहीत.
माझ्या शेजारी उभ्या राहून
नळीकडे बघत राहिलात,
उरलेली चार मिनिटं.